औषध म्हणजे औषध

धाराशिव,
१७ फेब्रुवारी २०२६

प्रिय शिवलीला,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं, 'गुंडाप्पानं समितीपुढं सगळं कबूल केलं.' ते वाक्य खोटं आहे. त्यानं काहीही कबूल केलं नाही. तो म्हणाला, "औषध म्याच दिलं." ही दोन वाक्यं एक नाहीत, आणि ती एक नाहीत हे त्या खोलीत मला माहीत होतं, तसं आणखी एका माणसालाही माहीत होतं. त्याचं नाव मागच्या पत्रात मी मुद्दाम टाळलं, तुला त्रास नको म्हणून. या पत्रात टाळणार नाही. तू हे पत्र एकटी असताना वाच. सासूबाई जवळ असतील तर आत्ताच घडी घालून ठेव.

तू बसवकल्याणला गेल्यापासून इथल्या गोष्टी तुला तुकड्यातुकड्यानं कळल्या असतील, म्हणून पहिल्यापासून सांगते. आमची प्रयोगशाळा शहराबाहेरच्या माळावर आहे. शर्यतीच्या घोड्यांना कुणी काही टोचलंय का, पाजलंय का, हे त्यांच्या मुतावरून आणि रक्तावरून शोधायचं, हे आमचं काम. सीलबंद बाटल्या येतात, त्यांवर नुसता आकडा असतो. घोड्याचं नाव नसतं, मालकाचं तर नसतंच. पाटीवर सरकारी नाव केवढं लांबलचक आहे, पण रिक्षावाले विचारतात, "म्हंजे मुताचं हापिस ना, मॅडम?" आधीचे संचालक निवृत्त झाल्यावर दुसरं कुणी या माळावर यायला तयार होईना, म्हणून सगळ्यांत लहान असून खुर्ची माझ्याकडं आली. आमचे दादा माकणीच्या पारावर सांगतात, "पोरगी सरकारात डायरेक्टर हाय." कशाची, ते सांगत नाहीत. परवा एका लग्नात चुलत्यांनी भर पंगतीत विचारलं, "एवढं शिकून घोड्याचंच का गं? माणसाचं मूत न्हाय मिळालं?" सगळी पंगत हसली. दादाही हसले.

आता त्या दिवसाचं. उमरग्याजवळ हायवेला लागून जे नवं मैदान झालंय, तिथली ती पहिली मोठी शर्यत. दिग्विजयरावांची पागा आणि उमाशंकर त्या पागेचे डॉक्टर, हे तुला मी सांगायला नको. तुझा भाऊ आणि माझा होणारा नवरा म्हणून नाही, डॉक्टर म्हणून मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा काम करताना पाहिलं. पळणारी घोडी होती गुलछडी. तिची निगा राखणारा सईस गुंडाप्पा. पागेत दुसऱ्या कुणाच्या हाताला ती उभी राहायची नाही.

शेवटच्या वळणावर तिचा पुढचा डावा पाय मोडला. आवाज लांबपर्यंत आला, उसाचं कांडं मोडावं तसा. पण ती थांबली नाही. खूर नुसत्या कातड्यावर लोंबत होता आणि ती त्या खुंटावर पळतच राहिली, मान पुढं काढून, नेहमीसारखी. लोकांना वाटलं ही जिद्द. पोरं बॅरिकेडवर चढली आणि शिट्ट्या मारायला लागली, "वा रं गुलछडी, वा रं माझ्या बाई!" रेषेपलीकडं जाऊन ती उभी राहिली. तीन पायांवर, शांत. तिनं मोडक्या पायाकडं बघितलंसुद्धा नाही. मी तिथंच समजले की तो पाय तिचा राहिलेला नाही, कुणीतरी तो बधिर केलाय.

नियम असा आहे की जखमी घोडा मारण्याआधी त्याचा नमुना घ्यायचा. नियम आमचाच आहे, आणि तो वाचून मीच दाखवला. घोड्यानं मुतावं म्हणून सईस शीळ घालतो, शिंगरू असल्यापासून तशी सवय लावतात. गुंडाप्पा मला म्हणाला, "बाई, आत्ता? आत्ता कशी करंल ती?" दिग्विजयराव म्हणाले, "घाल की भाड्या, तुझ्याशिवाय कुणाचं ऐकतीय ती?" त्यानं शीळ घातली. बारीक, एका सुरातली. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा लागली. आणि तिनं केलं गं, शिवलीला. त्या अवस्थेत तिनं त्याचं ऐकलं. मी दांडीच्या भांड्यात नमुना धरला, बाटलीत ओतला, सील लावलं, सील पुन्हा तपासलं. मग उमाशंकरांनी तिच्या मानेत शेवटची सुई दिली. गुंडाप्पानं तिचं तोंड छातीशी धरलं होतं. एक पोरगं मोबाइल उंच करून त्याला म्हणालं, "मामा, जरा बाजूला व्हा, फ्रेममधी येताय."

नमुन्यात लिग्नोकेन निघालं. दातांचे डॉक्टर हिरडीत टोचतात ना, तेच. निकालावर सही माझीच होती. चौकशी समिती बसली. अध्यक्ष मुंबईहून आलेले, शुद्ध, सौम्य बोलणारे. मी आधीच लेखी दिलं होतं की माझा उमाशंकरांशी साखरपुडा झालाय, मला यातून वगळा. ते म्हणाले, "अहो मॅडम, मूत तपासायला सोयरीक आड येते का?" खोलीत हशा झाला. मग गुंडाप्पाला बोलावलं. तो चपला बाहेर काढून आला. अध्यक्षांनी विचारलं, "घोडीला औषध कोण द्यायचं?" त्याच्या चेहऱ्यावर मला क्षणभर अभिमान दिसला. म्हणाला, "म्याच दिलं की सायब. आठ-आठ दिसाला म्याच देतो. शर्यतीच्या आदल्या दिशी बी दिलं. दुसऱ्याच्या हातानं ती घेत न्हाय." लिहिणारा कारकूनही मान वर करून बघायला लागला.

इथं तुला थांबवून एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तुमच्या घरात बऱ्याच आधीपासून शिक्षण आहे, आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मला अक्षरं लागली ती फळ्यावर कमी आणि बाटल्यांवर जास्त. मी दुसरीत गेले तशी सगळी गल्ली बाटल्या घेऊन दारात यायला लागली. "पोरी, हे औषध कशाचं, बघ बरं." तुरीवरच्या अळीचं औषध, उवांचं औषध, गोचिडाचं औषध. मी बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग बघून सांगायचे, हे जहाल, हे त्याहून जहाल. आई माझे हात राखेनं घासून घ्यायची. अजूनही मी फार हात धुते, त्याचं मूळ तेच असावं. आमच्यात औषध म्हणजे ते. डॉक्टर देतात त्याला कुणी औषध म्हणत नाही. ती गोळी, नाहीतर सुई.

म्हणून मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, आमच्या भागात औषध म्हणजे फवारा. हा गोचिडाच्या औषधाचं सांगतोय. त्याला सुईचं विचारा." अध्यक्ष हसले. "मॅडम, तुम्ही रसायन बघा, मराठी आम्हालाही येतं." मग जरा न्याय केल्यासारखं करून ते उमाशंकरांकडं वळले. "डॉक्टर, तुम्ही तर उमरग्याचेच. सांगा, तुमच्याकडं औषध म्हणजे काय?" उमाशंकरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. म्हणाले, "औषध म्हणजे औषध, साहेब."

तेवढंच. मला वाटलं, घाबरले असतील. खरंच वाटलं. माणूस कन्नड-मराठी घरात वाढला, कॉलेज परगावी झालं, कदाचित शब्द विसरले असतील. मी त्यांच्या बाजूनं किती कारणं शोधली, तुला सांगून पटायचं नाही. पण गुंडाप्पानं सही केली, आणि दिग्विजयराव त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "गुंड्या, आता घरी जाऊन औषध पिऊ नको म्हंजे झालं. आधीच एक जनावर पुरलंय आमी." खोलीतली इथली सगळी माणसं हसली. अध्यक्षांना विनोद कळला नाही. ते म्हणाले, "म्हणजे?" कुणी सांगितलं नाही. आणि शिवलीला, उमाशंकर हसले. मोठ्यानं नाही, खाली बघून, पण खांदे हलेपर्यंत हसले. ज्याला तो विनोद कळला, त्याला औषधाचा अर्थ माहीत होता. मागच्या पत्रात मी तुला हे हसणं लिहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गुंडाप्पाची बायको रुद्रम्मा प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन बसली. वॉचमन तिला हाकलत होता, "मावशी, हितं माणसाचं तपासत न्हाईत, सरकारी दवाखान्यात जा." ती म्हणाली, "माझ्या माणसाला हितल्याच बाटलीनं धरलंय म्हनं. ती बाटली बघायची हाय मला." मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिनं पाण्याला हात लावला नाही. सांगत होती, पोलिसांच्या ताब्यात द्यायच्या आधी त्याला पागेत नेलं आणि घोडीच्याच लगामानं मारलं. "पाठीवर बक्कल उमटल्यात. मोजून घ्या हवं तर, तुमी शिकल्याल्या हायसा." मी विचारलं, "रुद्रम्मा, घोडीला सुई कोण द्यायचं?" तिनं माझ्याकडं वेड्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. "सुई? सुई डाक्टरसायब. आन् कोन देणार? आमच्या हातात कोन देतंय सुई?" मग उठताना म्हणाली, "हे तवा इचारायचं की. तवा काय तोंडात मिठाची गुळणी हुती?" मी बोलले होते, असं तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. माझ्या बोलण्याचा तिला काय उपयोग झाला होता?

आता जे तुला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही, ते. मेलेल्या घोडीची तपासणी दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी केली होती. त्यांनी मोडलेल्या पायाच्या कातडीचा तुकडा बर्फाच्या पेटीतून आमच्याकडं पाठवला. सोबत लिहिलं होतं, हाडाला आधीपासून तडा होता. त्या तुकड्यावर सुईची दोन भोकं आहेत, पायाच्या दोन्ही अंगांना, जिथून नस जाते बरोबर तिथं. दोन्हीकडं लिग्नोकेन. मी तीनदा तपासलं. पहिल्या वेळी बरोबर आलं होतं, तरी तपासलं.

निकाल माझ्या टेबलावर पालथा पडलेला होता तेव्हाच उमाशंकर आले. दुपारी, सगळ्यांसमोर, हातात कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा. स्टाफला वाटलं, लग्नाचं काही असेल. सगळे लाजून बाहेर गेले. ते म्हणाले, "तो कातड्याचा तुकडा खराब झाला म्हण. लाइट गेली, फ्रीज बंद पडला. आपल्याकडं लाइटवर कोण शंका घेतंय?" मी विचारलं, "सुई तुम्ही दिली?" त्यांनी नाही म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत. "आठ दिवस लंगडत होती. दिग्विजयरावसाहेब म्हणाले, एवढी एक पळू दे. मी नसती दिली तर दुसऱ्यानं दिली असती, आणि वाकडी दिली असती." शेवटचं वाक्य त्यांनी जरा समाधानानं म्हटलं. मी म्हटलं, "आणि गुंडाप्पा?" ते म्हणाले, "त्याला काय गमवायचंय? सुटंल कधीतरी, परत कुणाची तरी लीद काढंल. माझं लायसन गेलं तर मी काय करू, तुझ्या शेजारी बसून बाटल्या हुंगू?"

इथं त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "तुझा पाय आमच्या घराला लागावा म्हणून शिवलीलानं अव्वाचे किती पाय धरलेत, माहीत हाय ना? तुझ्या बापाला आजवर कुणी लिंबाजीराव म्हणलं नव्हतं. आम्ही म्हणतो. विसरू नको." मग हसून पुडा सोडला आणि एक पेढा माझ्या ओठांना लावला. दाराच्या काचेतून स्टाफ बघत होता. मी तो खाल्ला. ताजा होता, गोड लागला, हे लिहायची लाज वाटते, पण लागला.

रविवारी शिवरात्रीला मी तुमच्या घरी उमरग्याला गेले होते. जायला नको होतं. पण न जाण्याचं कारण काय सांगणार होते? अव्वांनी होणाऱ्या सुनेसाठी म्हणून कपाटातली इरकल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि मला आरशापुढं उभं केलं. म्हणाल्या, "शिवलीला गेल्यापासनं घर मुकं झालंय बघ. तू आलीस की बोलंल." फराळाला बसलो तेव्हा त्यांनीच विचारलं, "त्या गुंडाप्पाचं काय झालं रे? घोडीवर लेकरावानी जीव होता त्याचा." उमाशंकरांनी भगरीवर आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "सरकारी भाकरी खातोय अव्वा. आपल्यापेक्षा निवांत." अव्वा हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, जणू मी काहीतरी म्हणेन. मी शेंगदाण्याची आमटी चांगली झालीय म्हटलं. साडी तिथंच ठेवून आले. विसरले असं त्यांना वाटतंय. कालपासून दोनदा फोन आला, "कुणाच्या हातानं पाठवू?" मी सांगितलंय, राहू द्या सध्या.

त्या कातडीचा अर्धा तुकडा नियमाप्रमाणं मी आधीच दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवलाय, त्यांची पोचही आलीय. त्यामुळं इथली लाइट गेली, फ्रीज बंद पडला, प्रयोगशाळा जळाली तरी आता काही लपणार नाही. हे उमाशंकरांना माहीत नाही. तुला माहीत असावं, म्हणजे तू मला कशासाठी विनवणार असशील तर ते वाया जाईल हे तुला आधीच कळेल. समितीची पुढची सुनावणी लागलीय. मी त्यात निकाल मांडणार आहे, औषधाचा अर्थ सांगणार आहे, आणि पेढे घेऊन आलेला माणूस मला काय म्हणाला, तेही सांगणार आहे. लग्न मोडलं असं समज. अव्वांना ते तू सांग. मला त्यांच्यापुढं उभं राहवणार नाही, हा माझा भित्रेपणा आहे, आणि तो मी तुझ्यावर ढकलतेय.

आता हे पत्र कशासाठी, ते. मन हलकं करायला नाही, तुझी माफी मागायलाही नाही. दगड मारते आहे तो कुठं बसणार हे मला दिसतंय, आणि माफी मागून तो मऊ होणार नाही. गोष्ट अशी आहे की मी बोलले तर रावसाहेबांचे वकील पहिल्यांदा माझा साखरपुडा काढतील. म्हणतील, बाईचं आणि डॉक्टरचं बिनसलं, म्हणून सूड घेतेय. महिनोन् महिने ओढतील, आणि तोवर गुंडाप्पा आत राहील, पाठीवरच्या त्या वळांसकट. उमाशंकर स्वतः म्हणाले, 'सुई मी दिली,' तर ओढायला काही उरत नाही. माझं ते ऐकणार नाहीत. अव्वांना ते भाकरीची गोष्ट सांगून गप्प करतील. पण तुझ्याशी खोटं बोलायला त्यांना कधी जमलं नाही, हे तूच मला हॉस्टेलच्या गच्चीवर किती कौतुकानं सांगितलं होतंस. पत्र स्पीडपोस्टनं टाकतेय, तुला शनिवारच्या आत मिळेल. मिळालं की त्यांना फोन कर, आणि हे सगळं वाचून दाखव, पेढ्यासकट. मी सौदा करत नाही. ते बोलले तरी मी बोलणार, नाही बोलले तरी बोलणार. बहिणीनं भावाला हे सांगायचं, आणि तेही माझ्यासाठी नाही, जिचं तोंड तू कधी पाहिलं नाहीस त्या रुद्रम्मासाठी. हे मी तुझ्याकडून मागतेय. तू यानंतर मला पत्र लिहिणार नाहीस हे धरूनच मागतेय. त्यांना एवढा निरोप दे की खोलीत माझ्याआधी उभं राहायला त्यांना जागा आहे, पण वेळ फार नाही. मी उभी राहणार आहे सोमवारी, २३ फेब्रुवारीला.

तुझीच, तू म्हणू देशील तोवर,
प्रतीक्षा